जिंकलेल्या सामन्याची वही

न्यू जर्सीतील मराठी कुटुंबांबरोबर समुपदेशनाचे काम करताना एप्रिल महिना लागला, की एक प्रश्न हमखास पुढे येतो. मुलगा किंवा मुलगी आठ-दहा वर्षांची असते, गावातल्या लीगमध्ये बेसबॉल खेळत असते, आणि पालक विचारतात, "मुलांना नुसती तंत्रे शिकवत बसायचे की जिंकायलाही शिकवायचे? लहानपणीच हरण्याची सवय लागली तर पुढे काय?" हा प्रश्न ज्या एका घरात दोन्ही बाजूंनी विचारला गेला, त्या घराची ही हकीकत आहे. पालकांची संमती घेऊन आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून ती येथे मांडते.

वडील संगणक अभियंते, मूळचे विदर्भातले. अमेरिकेत लहान मुलांच्या संघांना शिकवण्याचे काम बहुतेक ठिकाणी मुलांचे पालकच स्वयंसेवक म्हणून करतात. पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथे 1939 मध्ये लिट्ल लीग ही लहान मुलांच्या बेसबॉलची संघटना सुरू झाली, तेव्हापासूनच तिचा गाडा अशा स्वयंसेवकांवर चालत आला आहे. शाळा-कॉलेजात टेनिस बॉलने भरपूर क्रिकेट खेळलेल्या या गृहस्थांनी उत्साहाने जबाबदारी घेतली, नियमपुस्तक वाचून काढले आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलांचा संघ पहिल्याच हंगामात गुणतक्त्यात वरच्या स्थानावर नेला. अडचण एवढीच होती, की त्यांच्या स्वतःच्या नऊ वर्षांच्या मुलाचे दर शनिवारी सकाळी पोट दुखू लागले. बालरोगतज्ज्ञांना शारीरिक कारण काही सापडले नाही, म्हणून ते माझ्याकडे आले.

आईने पहिल्याच भेटीत सांगितले, "हे मैदानावर कोणाला ओरडत नाहीत, मॅडम, पण घरी येताना गाडीत सगळा सामना पुन्हा खेळला जातो." वडिलांना ते पटले नाही. त्यांचे म्हणणे असे, की दहा-बारा मुलांचा आत्मविश्वास जिंकण्यानेच टिकतो, सारखे हरत राहिले तर मुलेच खेळ सोडून जातील, आणि मग तंत्र शिकवायचे कोणाला? हा युक्तिवाद वरवरचा नाही, आणि तो मांडणारा माणूस मुलांवर प्रेम करणाराच असतो, हे मुद्दाम नोंदवून ठेवते.

वडील स्कोअरबुक नीटनेटके ठेवत असत. पुढच्या भेटीला ती वही आणायला सांगितली आणि त्यांना सर्वांत समाधान देणारा सामना उघडायला लावला. तो त्यांनी 14 विरुद्ध 5 असा जिंकला होता. त्यातले आपल्या संघाचे फटके किती, असे विचारल्यावर त्यांनी पेन्सिलीने मोजले. फटके तीन होते. बाकीच्या बहुतेक धावा ‘वॉक’ (चार चेंडू पट्ट्याबाहेर पडल्याने फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा), निसटलेले चेंडू आणि चोरलेले बेस (फटका नसताना धावून गाठलेले पुढचे टप्पे) यांवर आल्या होत्या. स्कोअरबुकात फलंदाज तिसऱ्या स्ट्राइकला बॅट फिरवून, चेंडू हुकवून बाद झाला तर सरळ ‘के’ लिहितात आणि तिसरा स्ट्राइक, म्हणजे मारण्याजोग्या पट्ट्यातून गेलेला चेंडू, नुसता पाहत उभा राहिला तर तेच अक्षर उलटे काढतात. त्या पानावर उलटे ‘के’ पुष्कळ होते. मुलाच्या ओळीत दोन वॉक होते आणि एक उलटा ‘के’.

याचे कारण या वयाच्या बेसबॉलमध्येच दडलेले आहे. नऊ वर्षांच्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, 46 फुटांवरून चेंडू सलग स्ट्राइकच्या पट्ट्यात टाकता येत नाही. त्यामुळे आपल्या मुलांना "बॅट फिरवू नकोस, उभा राहा" एवढेच सांगितले, तरी पट्ट्याबाहेरचे चार चेंडू, म्हणजे ‘बॉल’, पडून ती आपोआप पहिल्या बेसवर पोचतात. दोन बेसमधले अंतर 60 फूट असल्याने फलंदाजामागे बसणाऱ्या कॅचरपासून दुसरा बेस सुमारे 85 फूट पडतो, आणि एवढ्या वयाच्या कॅचरची फेक तिथवर वेळेत पोचणे दुर्मीळच. मग चेंडू फलंदाजापाशी पोचताक्षणी धावायला सांगितले, की बेस चोरता येतो. सगळ्यांत दणकट मुलगा पिचर, सर्वांत चांगला झेलणारा पहिल्या बेसवर आणि कच्ची मुले राइट फील्डला, जिथे चेंडू क्वचितच जातो, एवढे केले की सामना हातात येतो. हे सारे नियमांत बसते. लिट्ल लीगचा प्रत्येकाला खेळवण्याचा नियमही त्यात पाळला जातो. पण राइट फील्डला उभा असलेला मुलगा आपल्या गल्लीतल्या लिंबूटिंबूसारखाच असतो. फरक इतकाच, की लिंबूटिंबूला निदान हवी तितकी बॅट फिरवता येत असे.

माझ्या मते या वयात जिंकण्याचा आणि शिकण्याचा रस्ता वेगळा होतो तो इथे. नऊव्या वर्षी जिंकून देणाऱ्या युक्त्या प्रतिस्पर्धी मुलांच्या कच्चेपणावर चालतात, आणि तो कच्चेपणा दोन-तीन वर्षांत संपतो. बाराव्या वर्षी पिचर स्ट्राइक टाकू लागतात, कॅचरची फेक दुसऱ्या बेसवर पोचू लागते, आणि ज्याने तोपर्यंत बॅट फिरवलीच नाही तो मुलगा उघडा पडतो. वडिलांना मी हे तत्त्व म्हणून सांगितले असते, तर त्यांनी ते मान डोलावून सोडून दिले असते. वहीतले तीन फटके मात्र त्यांच्याच हातचे होते.

मुलाशी स्वतंत्र बोलणे झाले तेव्हा तो बराच वेळ ग्लव्हच्या चामडी दोऱ्यांशी खेळत राहिला. पोट कधी दुखते, असे विचारल्यावर तो म्हणाला, "बॅटिंगच्या आधी. चेंडू मारावासा वाटतो, पण बाबा म्हणतात थांब. थांबलो आणि आउट झालो तर सगळे माझ्याकडेच बघतात." चेंडू मारण्याची इच्छा दाबून धरायची आणि त्या थांबण्याचा दोषही स्वतःच घ्यायचा, हा ताण मोठ्यांनाही जड जातो. तो हरण्याला घाबरलेला नव्हता. एका हरलेल्या सामन्यात त्याने जमिनीवरून आलेला चेंडू दोन्ही हातांनी नीट उचलून पहिल्या बेसवर फेकला होता, त्याचे वर्णन त्याने मला उभे राहून करून दाखवले.

मुले खेळ सोडून जातील या भीतीचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नव्हती. वॉशिंग्टन विद्यापीठातील रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी 1970च्या दशकापासून लिट्ल लीगच्या प्रशिक्षकांचाच अभ्यास केला. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका पाहणीत काही प्रशिक्षकांना हंगामापूर्वी सुमारे अडीच तासांचे प्रशिक्षण दिले होते: प्रयत्नाचे कौतुक करा, चूक झाल्यावर आधी धीर द्या आणि मग सुधारणा सांगा, जिंकण्यालाच यश मानू नका. पुढच्या वर्षी त्यांच्या संघांतली 5 टक्के मुले खेळात परतली नाहीत; प्रशिक्षण न मिळालेल्यांच्या संघांत हे प्रमाण 26 टक्के होते. सामने मात्र दोन्ही गटांनी जवळपास सारख्याच प्रमाणात जिंकले होते. ही आकडेवारी वडिलांनी दोनदा वाचायला मागितली. शिष्यवृत्ती परीक्षेच्या गुणपत्रिकांवर वाढलेल्या आपल्या पिढीला धावफलक हीच गुणपत्रिका वाटते, आणि आकड्याला आकडाच पटतो, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर बोलणे कामाच्या गोष्टींवर आले. त्यांच्या सरावात एक मुलगा बॅटिंग करी आणि बाकीचे उभे राहत. दीड तासात एकेकाच्या वाट्याला जेमतेम दहा-बारा फटके येत. त्यांनी संघाचे तीन गट पाडले: एक गट टीवर (उभ्या दांड्यावर) ठेवलेला चेंडू मारणार, एक गट जमिनीवरून येणारे चेंडू उचलणार, आणि एक गट जोडीने फेक-झेल करणार, त्यात पुढचा पाय लक्ष्याकडे टाकणे आणि कोपर खांद्याच्या उंचीवर ठेवणे एवढ्या दोनच सूचना. सामन्यात प्रत्येकाला किमान एक इनिंग (डाव) इनफील्डमध्ये, म्हणजे बेसजवळच्या जागांवर, मिळेल आणि फलंदाजाला "चांगला चेंडू दिसला की फिरव" याखेरीज काहीही सांगितले जाणार नाही, हे त्यांनी बाकीच्या पालकांना पत्राने कळवले. गाडीत सामन्याविषयी बोलायचे ते मुलाने विषय काढला तरच, हा नियम आईने घातला.

पिचिंगचा मुद्दा मात्र माझ्यासाठी सवलतीचा नव्हता. लिट्ल लीगमध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलाला एका दिवसात जास्तीत जास्त 75 पिच टाकता येतात आणि 66 वा अधिक टाकल्यास चार दिवस विश्रांती द्यावी लागते. संघातला सर्वांत दणकट मुलगा शनिवारी येथे 70 पिच टाकून रविवारी दुसऱ्या, गावोगावी जाऊन खेळणाऱ्या निवडक ‘ट्रॅव्हल’ संघासाठी पुन्हा पिचिंग करत होता. येथील वही नियमात बसत होती, हात बसत नव्हता. या वयात कोपराच्या आतल्या बाजूची वाढीची कूर्चा तिला जोडलेल्या अस्थिबंधांपेक्षा नाजूक असते, आणि वारंवार जोराने फेकल्यास इजा आधी तिलाच होते. वडिलांनी त्या मुलाच्या घरी फोन केला. ते कुटुंब नाराज झाले आणि हंगामाच्या मध्यावर त्यांनी मुलाला काढून नेले.

संघ त्यानंतर बरेच सामने हरला. काही पालकांनी कुजबुज केली, एकाने तोंडावर विचारले. मुलाच्या पोटदुखीचे शनिवार कमी होत गेले, पूर्ण थांबले नाहीत. एका महत्त्वाच्या सामन्याच्या सकाळी ती पुन्हा आली, तेव्हा त्याला त्या दिवशी खेळायचे की नाही हे त्यालाच ठरवू दिले, आणि तो गेला. तो पूर्वीपेक्षा जास्त वेळा बाद होऊ लागला, कारण तो आता बॅट फिरवत होता. वडिलांना हरणे अजूनही टोचते. ते टोचू नये असा माझा आग्रह नव्हता. ती टोचणी नऊ वर्षांच्या मुलांनी भरून काढावी, एवढेच नको होते.

शेवटच्या भेटीत प्रश्न आला तो मुलाला ट्रॅव्हल संघाच्या निवडीला पाठवण्याचा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स एकाच खेळापासून वर्षातून एकूण दोन-तीन महिने विश्रांती सुचवते. ते सांगून, त्या संघाच्या प्रशिक्षकांना विचारायचे तीन प्रश्न आम्ही मिळून लिहिले: वर्षात किती महिने सुट्टी असते, पिचची मोजणी दोन्ही संघ मिळून कोण ठेवते, आणि कच्चा खेळाडू सामन्यात कुठे उभा राहतो. दुसऱ्या प्रश्नावर "ते पालकांनी बघायचे" असे उत्तर मिळाल्याचे आईने नंतर कळवले. त्यांनी या वर्षी नाही म्हटले आणि मुलाने हिवाळ्यासाठी पोहण्याचे वर्ग निवडले.