‘नॉर्मल’ हा एकच शब्द फिजिक्स, केमिस्ट्री, सांख्यिकी आणि ब्लड रिपोर्टमध्ये वेगवेगळ्या अर्थाने का येतो?

तुम्ही विचारलंय की फिजिक्समध्ये नॉर्मल म्हणजे लंब, केमिस्ट्रीत नॉर्मल सोल्युशन, सांख्यिकीत नॉर्मल कर्व्ह आणि रक्ताच्या रिपोर्टवर नॉर्मल रेंज, तर या सगळ्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे की हा नुसता योगायोग? मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. हा शब्द दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असतो आणि त्याचा चुकीचा अर्थ लावून घाबरलेली माणसंही रोज भेटतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

संबंध आहे, आणि तो एका अवजारापासून सुरू होतो. लॅटिनमध्ये ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचं साधन. ‘नॉर्मालिस’ म्हणजे गुण्याला धरून केलेलं, काटकोनातलं. पुढे गुण्या हे मोजमापाचं साधन म्हणून ‘नियम’ किंवा ‘मानक’ हा अर्थ आला. जे नियमाला धरून आहे ते नेहमीचं, म्हणून ‘सर्वसाधारण’ हा तिसरा अर्थ आला. आज आपल्याला हा तिसरा अर्थच मूळ वाटतो, पण इंग्रजीत तो रुळला साधारण १८४० नंतर. भूमितीतला काटकोनाचा अर्थ त्याच्या कितीतरी आधीचा आहे. म्हणजे फिजिक्सच्या पुस्तकात जो विचित्र वाटतो तोच अर्थ सगळ्यात जुना.

त्या जुन्या अर्थापासून सुरुवात करू. पृष्ठभागाला काटकोनात काढलेली रेषा म्हणजे नॉर्मल. प्रकाशाचा आपाती कोन आरशापासून न मोजता या रेषेपासून मोजतात. व्हिडिओ गेममधल्या भिंतीवर उजेड कुठे पडेल आणि सावली कुठे, हे कॉम्प्युटर काढतो तेसुद्धा पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूवरच्या नॉर्मलवरून. विद्यार्थी अडकतात ते नॉर्मल फोर्सपाशी. टेबलावर पुस्तक ठेवलं की टेबल त्याला वर ढकलतं आणि हे बल पुस्तकाच्या वजनाइतकं असतं. इथे बऱ्याच मुलांचा समज होतो की नॉर्मल फोर्स म्हणजे ‘नेहमीचं बल’, आणि ते कायम वजनाइतकंच असणार. आता टेबल तिरकं करा. ३० अंशांच्या उतारावर नॉर्मल फोर्स वजनाच्या साधारण ८७ टक्के उरतो, ६० अंशांवर निम्मा. बल पृष्ठभागाला लंब आहे एवढंच तो शब्द सांगतो, ते किती आहे याबद्दल काहीच सांगत नाही. शिकवताना पहिल्याच दिवशी ‘लंबबल’ म्हटलं तर अर्धा गोंधळ तिथेच संपेल असं मला मनापासून वाटतं.

दुसरा अर्थ मानकाचा. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर, १७९५ मध्ये, शिक्षक घडवण्यासाठी ‘एकोल नॉर्माल’ सुरू झालं. शिकवण्याची प्रमाण पद्धत ठरवून देणारी शाळा, असा त्या नावाचा अर्थ. केमिस्ट्रीतलं नॉर्मल सोल्युशन याच कुळातलं. एक लिटर द्रावणात त्या पदार्थाचा एक ग्रॅम-इक्विव्हॅलंट (अभिक्रियेत एक मोल हायड्रोजन आयन किंवा इलेक्ट्रॉन देणारं-घेणारं वजन) असेल तर ते एक नॉर्मल, मोजणीसाठी ठरवलेलं प्रमाण द्रावण. सोय अशी की टायट्रेशनमध्ये, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने घालून मोजणी करताना, ‘एक नॉर्मल’ आम्लाचे १० मिलिलिटर ‘एक नॉर्मल’ अल्कलीच्या १० मिलिलिटरशी बरोबर जुळतात. अडचण अशी की इक्विव्हॅलंट हा अभिक्रियेवर अवलंबून असतो. पोटॅशियम परमँगनेटचं ०.१ मोलर द्रावण आम्लात वापरलं तर ०.५ नॉर्मल, आणि उदासीन माध्यमात वापरलं तर ०.३ नॉर्मल. बाटली तीच, द्रावण तेच, पण लेबलवरचा आकडा तुम्ही त्याचं काय करणार आहात त्यावर ठरणार. म्हणूनच आता नॉर्मॅलिटी टाळून मोलॅरिटी (लिटरमागे किती मोल पदार्थ) वापरा असं सांगतात.

इथे नॉर्मल सलाईनबद्दल लिहायलाच हवं, कारण केमिस्ट्री शिकून दवाखान्यात आलेला प्रत्येक जण यावर थबकतो. सलाईनच्या बाटलीत लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असतं, ०.९ टक्के. केमिस्ट्रीच्या हिशोबाने मिठाचं एक नॉर्मल द्रावण करायचं तर लिटरमागे सुमारे ५८.५ ग्रॅम लागेल. म्हणजे नॉर्मल सलाईन हे जेमतेम ०.१५ नॉर्मल आहे. मग ते शरीराच्या दृष्टीने तरी नॉर्मल आहे का? त्यात सोडियम लिटरला १५४ मिलिइक्विव्हॅलंट, आपल्या रक्तात साधारण १३५ ते १४५. क्लोराइडही १५४, रक्तात मात्र १०० च्या आसपास. फक्त एका बाबतीत ते रक्ताशी जुळतं: त्यात तांबड्या पेशी टाकल्या तर त्या फुगून फुटत नाहीत आणि आकसतही नाहीत. क्लोराइडच्या या फरकामुळे, खूप प्रमाणात दिलं तर ते रक्त आम्लतेकडे झुकवू शकतं, आणि मोठ्या प्रमाणात द्रव द्यायची वेळ आली की डॉक्टर कधीकधी वेगळं द्रावण निवडतात. नावात ‘नॉर्मल’ आहे म्हणून ते पाण्यासारखं निरुपद्रवी, असं धरून चालत नाही.

आता सांख्यिकी. घंटेच्या आकाराचा तो वक्र फ्रेंच गणिती द म्वाव्र यांनी १७३३ मध्ये काढला होता, आणि जर्मन गणिती गाऊस यांनी १८०९ मध्ये तो ग्रहांच्या निरीक्षणांतल्या चुकांसाठी वापरला. तेव्हा त्याला नॉर्मल म्हणत नव्हते, ‘चुकांचा नियम’ म्हणत. मग बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी १८३५ च्या सुमारास तोच हिशोब माणसांना लावायला सुरुवात केली. उंची, छातीचा घेर, सगळ्याची सरासरी काढून त्यांनी ‘सरासरी माणूस’ कल्पिला, आणि तो माणूस म्हणजे निसर्गाचं उद्दिष्ट, बाकीचे आपण त्यापासून थोडेफार चुकलेले, असा विचार मांडला. माझ्या मते या शब्दाच्या इतिहासातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वळण. ‘बहुतेक जण असे असतात’ यावरून ‘असंच असायला हवं’ इथवर उडी मारली गेली. १८७० च्या दशकात इंग्रज शास्त्रज्ञ गाल्टन आणि इतर काहींनी त्या वक्राला ‘नॉर्मल’ म्हणायला सुरुवात केली, आणि संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी ते नाव रूढ केलं. त्याच पिअर्सन यांनी पुढे कबूल केलं की या नावामुळे बाकीचे सगळे वक्र अ‍ॅबनॉर्मल आहेत असा लोकांचा समज होतो. निसर्गात तसं काही नाही. माणसांची उंची साधारण त्या वक्रात बसते, पण उत्पन्न बसत नाही आणि रक्तातले ट्रायग्लिसराइडही बसत नाहीत. त्यांच्या वक्राची शेपटी उजवीकडे लांब जाते, म्हणजे थोड्या जणांचे आकडे खूप मोठे असतात.

शुद्ध गणितात तर या शब्दाने अगदी वेगळी वाट धरली. फ्रेंच गणिती एमील बोरेल यांनी १९०९ मध्ये ‘नॉर्मल संख्या’ मांडली: जिच्या दशांश अंकांत ० ते ९ हे प्रत्येक अंक सारख्याच प्रमाणात येतात, प्रत्येक जोडीही, प्रत्येक तिकडीही, असं कितीही पुढे जा. त्यांनी दाखवलं की जवळजवळ सगळ्या संख्या अशाच असतात. पण हातात एक संख्या घेऊन ‘ही नॉर्मल आहे’ हे सिद्ध करणं फार कठीण. १, २, ३, ४ असे आकडे ओळीने लिहीत गेलं की तयार होणारी ०.१२३४५६७८९१०१११२… ही संख्या तशी आहे, हे चॅम्परनाउन यांनी १९३३ मध्ये सिद्ध केलं. ‘पाय’ (π) या संख्येबद्दल मात्र आजही कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. मला हे फार विलक्षण वाटतं.

बाकीची क्षेत्रं पटकन सांगते. डेटाबेसमध्ये नॉर्मलायझेशन म्हणजे एकच माहिती दहा ठिकाणी लिहू नये अशी मांडणी. ग्राहकाचा पत्ता प्रत्येक ऑर्डरसोबत लिहिला आणि त्याने घर बदललं, तर दहापैकी एखादी नोंद जुनीच राहते, म्हणून पत्ता एकदाच, एका तक्त्यात. ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. त्या काळात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनशी संबंध ‘नॉर्मलाइज’ करण्याबद्दल बोलत होते, त्यावरून आपण हा शब्द उचलला, असं कॉड यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितलं होतं. अर्थशास्त्रात उत्पन्न वाढल्यावर ज्या वस्तूची मागणी वाढते ती नॉर्मल वस्तू. नॉर्मल नफा म्हणजे मालकाचे पैसे आणि वेळ दुसरीकडे लावले असते तर जेवढं मिळालं असतं तेवढंच मिळणं, त्यामुळे अर्थशास्त्रज्ञ त्याला शून्य नफा म्हणतात. भूगर्भशास्त्रात जमीन ताणली जाऊन प्रस्तरभंगाच्या तिरक्या पातळीवरचा खडक खाली घसरला तर तो नॉर्मल फॉल्ट. ‘नॉर्मल डिलिव्हरी’ म्हणजे बोलताना आपण सिझेरियन नसलेली म्हणतो, पण जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये केलेल्या व्याख्येत आपोआप सुरू झालेल्या कळा, ३७ ते ४२ आठवडे पूर्ण, अशा बऱ्याच अटी आहेत.

हवामानखात्यातल्या ‘नॉर्मल’वर मात्र थोडं थांबते. तिथे तापमानाचा नॉर्मल म्हणजे ३० वर्षांची सरासरी, सध्या १९९१ ते २०२० ची, आणि ती दर दहा वर्षांनी पुढे सरकते. पृथ्वी तापतेय तसा नॉर्मलचा आकडाही वर चढतो. ‘आज तापमान नॉर्मलपेक्षा एका अंशाने जास्त’ हे वाक्य ४० वर्षांपूर्वीचं आणि आजचं, दोन्ही एकाच पायावर उभी नाहीत. दीर्घकाळातला बदल मोजायला म्हणून १९६१ ते १९९० चा काळ स्थिर पाया म्हणून राखून ठेवलाय. बातमी वाचताना कोणता नॉर्मल धरलाय हे बघायला हवं.

आता रिपोर्ट. आकड्याशेजारी जी रेंज छापलेली असते ती सहसा अशी ठरते: निरोगी माणसं निवडायची, निदान १२० तरी असावीत असा संकेत आहे, सगळ्यांची ती चाचणी करायची, आकडे चढत्या क्रमाने लावायचे, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडून द्यायचे. उरलेले ९५ टक्के म्हणजे रेंज. म्हणजे निरोगी माणसांपैकीच दर वीसात एक जण, काहीही झालेलं नसताना, रेंजच्या बाहेर असणार. ते त्या व्याख्येतच आहे. फुल बॉडी चेकअपमध्ये एकमेकांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या धरल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचे वीसही आकडे रेंजमध्ये असण्याची शक्यता जेमतेम ३६ टक्के. प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींशी निगडित असतात, त्यामुळे आकडा थोडा बदलतो, पण एखादा आकडा ठळक अक्षरात छापला गेला म्हणून रात्रभर जागायचं कारण नाही.

त्याच रकान्यात आणखी एका प्रकारचा ‘नॉर्मल’ असतो. कोलेस्टेरॉलसमोर ‘२०० पेक्षा कमी’ असं लिहिलेलं असतं, ते वरच्या पद्धतीने आलेलं नाही. तसं काढलं असतं तर ज्या समाजात बहुतेकांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे तिथे वाढलेलंच नॉर्मल ठरलं असतं. हा आकडा हृदयविकाराचा धोका कुठून वाढतो ते पाहून ठरवलेला आहे. मधुमेहासाठी उपाशीपोटी साखरेचा १२६ हा आकडाही तसाच. एका ओळीतला नॉर्मल म्हणजे ‘बहुतेकांचं असं असतं’ आणि खालच्या ओळीतला म्हणजे ‘असं असलं तर बरं’. छापताना दोन्ही सारखेच दिसतात, वाचणाऱ्याला फरक कळायला काहीच मार्ग नसतो, आणि हे मला खटकतं. आमच्या क्षेत्रात ‘नॉर्मल रेंज’ऐवजी ‘रेफरन्स इंटरव्हल’ म्हणायचं ठरलंय ते याचसाठी, पण बोलताना सगळे जुनंच म्हणतात.

शरीराचं ३७ अंश सेल्सिअस तापमान हेही असंच. जर्मन डॉक्टर वुंडरलिश यांनी १८६८ मध्ये हजारो रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून ते मांडलं. त्याचं फॅरनहाइटमध्ये रूपांतर झालं ९८.६, आणि दशांश चिन्हामुळे ते फार काटेकोर वाटायला लागलं. १९९२ मध्ये निरोगी तरुणांवर केलेल्या अभ्यासात सरासरी ९८.२ आली, आणि सकाळ-संध्याकाळमध्ये फरक पडतोच.

शेवटी जे मी प्रत्येकाला सांगते तेच तुम्हालाही सांगते, कारण तुमचा प्रश्न रिपोर्टपर्यंत आला आहे. क्रिएटिनिनची (किडनी कशी चालतेय ते दाखवणारी रक्तचाचणी) रेंज साधारण ०.६ ते १.२ असते. एखाद्याचं कायम ०.६ असेल आणि दोन दिवसांत ते १.१ झालं, तर दोन्ही रिपोर्टवर काहीच ठळक छापलेलं नसेल, पण दोन दिवसांत ०.३ ने वाढ झाली तरी डॉक्टर ती किडनीला अचानक इजा झाल्याचं लक्षण धरतात. इथे तुलना करायची ती समाजाशी नाही, त्याच माणसाच्या आधीच्या आकड्याशी. त्यामुळे डॉक्टरांकडे नवा रिपोर्ट घेऊन जाताना जुने सगळे रिपोर्ट बरोबर न्या, ‘नॉर्मल’ शेरा मिळालेले तर नक्कीच.