अमेरिकेत मतदान सगळीकडे एकाच वेळी का संपत नाही? निकालाच्या रात्री त्याने नेमका काय फरक पडतो?

थोडक्यात सांगायचं तर मतदान किती वाजता संपवायचं हे तिकडे प्रत्येक राज्य आपल्या कायद्याने ठरवतं. आपल्यासारखा सगळ्या देशाला वेळापत्रक लावून देणारा निवडणूक आयोग तिथे नाही. त्यात पन्नास राज्यं सहा टाइम झोनमध्ये पसरलेली. पहिली केंद्रं बंद झाल्यापासून शेवटचं बंद होईपर्यंत सात तास जातात. मोजणी मात्र कुणासाठी थांबत नाही. जिथलं मतदान संपलं तिथले आकडे लगेच यायला लागतात, आणि त्याच वेळी पश्चिमेकडे लोक मतदानाच्या रांगेत उभे असतात.

लांबलचक उत्तर द्यायचं तर माझ्या अंगाशी आलेल्या एका मथळ्यापासून सुरुवात करावी लागेल.

२००० साली मी पुण्यात एका सांजदैनिकात उपसंपादक होतो. आमचं पहिलं पान दुपारी एकच्या सुमाराला सुटायचं आणि तीन-साडेतीनला अंक स्टॉलवर जायचा. ८ नोव्हेंबरच्या बुधवारी सकाळी सव्वासहाला टीव्ही लावला, तर अमेरिकी वाहिन्या फ्लोरिडा राज्य डेमोक्रॅट उमेदवार अल गोर यांच्या नावावर टाकत होत्या. तिकडे बहुतेक राज्यांत राज्य जिंकणाऱ्याला अध्यक्ष निवडणारी तिथली सगळी मतं मिळतात. त्यामुळे फ्लोरिडा गोरना म्हणजे निवडणूकच जवळपास गोरना, असं गणित मनात मांडत अंघोळीला गेलो. साडेआठच्या सुमाराला ऑफिसात पोचलो, तोवर वाहिन्यांनी ते मागे घेतलं होतं. मग बराच वेळ शुकशुकाट. पावणेएकला एकामागोमाग एक सगळे ओरडले: फ्लोरिडा बुशना, बुश अध्यक्ष. संपादकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सोडा पान." सोडलं. आठ कॉलमी मथळा, खाली बुश यांचा हसरा फोटो. अडीच वाजता वाहिन्यांनी तेही मागे घेतलं. मधल्या वेळात गोर यांनी बुशना फोन करून अभिनंदन केलं होतं, आणि नंतर दुसरा फोन करून ते परतही घेतलं होतं. आमचे गठ्ठे तेव्हा टेम्पोत चढत होते.

अंघोळीला गोर, डब्याच्या वेळी बुश, चहाला कुणीच नाही.

दोनदा तोंडघशी पडण्यामागे मुख्यतः अंदाजाचं गणितच होतं. सगळ्या मोठ्या वाहिन्या एकाच सामाईक संस्थेकडून एक्झिट पोल आणि आकडे घेत होत्या, त्यामुळे घसरल्या त्याही एकदमच. पण सकाळच्या चुकीला घड्याळाचाही एक पदर होता. फ्लोरिडाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. दक्षिणेकडे लोंबणारा मोठा भाग, आणि वर डावीकडे तव्याच्या दांड्यासारखी गेलेली पट्टी. पेन्साकोला शहर असलेलं त्या दांड्याचं पश्चिम टोक सेंट्रल टाइममध्ये येतं, बाकी सगळं राज्य ईस्टर्न टाइममध्ये, म्हणजे पूर्व किनाऱ्याच्या घड्याळावर. दोन्हीकडे मतदान स्थानिक सातला संपतं, म्हणजे दांड्यावर एक तास उशिरा. वाहिन्यांनी गोरना राज्य दिलं ते ईस्टर्न पावणेआठ होऊन गेल्यावर. तेव्हा दांड्यावरच्या केंद्रांची दहाएक मिनिटं शिल्लक होती, आणि तो पट्टा बुश यांच्या रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला.

राज्य शेवटी ५३७ मतांनी बुश यांच्याकडे गेलं. त्यामुळे 'त्या दहा मिनिटांत किती लोक गाडी वळवून घरी गेले' हा वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. मला स्वतःला तो ताणलेला वाटतो. शेवटच्या दहा मिनिटांत केंद्राकडे निघालेला माणूस गाडीत रेडिओ ऐकून परत फिरेल, असे असून असून किती असणार? पण फरक ५३७ चा असला की कुठलाही युक्तिवाद खोटा पाडता येत नाही. त्यानंतर वाहिन्यांनी कबूल केलं की राज्यातलं शेवटचं केंद्र बंद होईपर्यंत त्या राज्याचा निकाल सांगायचा नाही. त्याआधी 'बहुतेक केंद्रं बंद झाली' एवढं त्यांना पुरत होतं.

ती 'बहुतेक'वाली सवलत आली होती १९८० च्या गोंधळातून. त्या वर्षी एनबीसी वाहिनीने एक्झिट पोलच्या जोरावर ईस्टर्न रात्री सव्वाआठलाच रिपब्लिकन उमेदवार रेगन जिंकल्याचं जाहीर केलं. कॅलिफोर्नियात तेव्हा संध्याकाळचे सव्वापाच, लोक कामावरून सुटून मत द्यायला निघत होते. वर तेव्हाचे डेमोक्रॅट अध्यक्ष कार्टर यांनी ईस्टर्न दहाच्या आतच जाहीरपणे हार मानली. पश्चिम किनाऱ्यावर मतदानाचा तासभर अजून बाकी होता. अध्यक्षपदाचा निकाल त्याने बदलला नसता, रेगन प्रचंड फरकाने जिंकले. पण मतपत्रिकेवर अध्यक्षाखेरीज खासदारापासून स्थानिक पदांपर्यंत बरीच नावं असतात. रांगेतून वैतागून घरी गेलेला माणूस ती सगळी मतंही घरी घेऊन जातो. ओरेगॉनचे अल उल्मन, प्रतिनिधीगृहाच्या करविषयक समितीचे अध्यक्ष, थोडक्यात पडले. कॅलिफोर्नियाचे जेम्स कॉर्मन हजारापेक्षा कमी मतांनी गेले. दोघे कार्टर यांच्याच पक्षाचे, आणि पक्षातले लोक कार्टरवर भयंकर चिडले. लवकरच्या घोषणेने मतदान खरोखर किती घटलं यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. राजकारण्यांचं मात्र लगेच झालं. १९८५ मध्ये वाहिन्यांनी काँग्रेसला, म्हणजे तिकडच्या संसदेला शब्द दिला, की राज्यातली बहुतेक केंद्रं बंद होईपर्यंत तिथला विजेता सांगणार नाही.

तुम्ही म्हणाल, मग सगळीकडे एकाच क्षणी कुलूप का लावत नाहीत? लावायला निघाले होते. १९८० च्या दशकातल्या एका विधेयकात मुख्य भूमीवरचं सगळं मतदान ईस्टर्न रात्री नऊला संपवायचं घाटत होतं. पण मग कॅलिफोर्नियात सहालाच बंद करावं लागलं असतं. त्यावर तोड काय काढली, तर अध्यक्षपदाच्या वर्षी पॅसिफिक टाइमवाल्या, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या राज्यांचं तासभर पुढे केलेलं उन्हाळी घड्याळ दोन आठवडे जास्त चालू ठेवायचं, म्हणजे तिथे सात वाजलेले असतील! प्रतिनिधीगृहाने हे संमतही केलं. संसदेच्या दुसऱ्या सभागृहात, सिनेटमध्ये, ते अडकलं ते अडकलंच. निवडणुकीसाठी घड्याळच सरकवण्याची ही कल्पना मला आजही आवडते.

कॅनडाने हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. तिथे निवडणूक केंद्र सरकारच्या कायद्याने होते, त्यामुळे त्यांनी वेळाच सरकवल्या. टोरोंटोत मतदान रात्री साडेनऊपर्यंत, व्हँकूव्हरला संध्याकाळी सातपर्यंत. प्रत्यक्षात दोन्हींत अंतर उरतं अर्ध्या तासाचं. अटलांटिककाठचे छोटे प्रांत तेवढे आधी उरकतात.

आणि आपण? आपल्याला एकच घड्याळ, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मतदान आणि मोजणी वेगवेगळ्या दिवशी. २०२४ ची लोकसभा सात टप्प्यांत १९ एप्रिल ते १ जूनपर्यंत चालली आणि सगळी यंत्रं ४ जूनला उघडली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ अ नुसार शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोलही दाखवता येत नाही. गडचिरोलीने काय केलं हे मुंबईला मत देताना कळत नाही. अमेरिकेत असा कायदा भाषणस्वातंत्र्याच्या कलमापुढे उभा राहणं अवघड, म्हणून सगळं वाहिन्यांच्या शब्दावर चालतं.

आता निकालाच्या रात्रीकडे. मतमोजणी केंद्राबाहेर कधी उभे राहिला असाल तर तुम्हाला ही रात्र समजायला वेळ लागणार नाही. पाचव्या फेरीअखेर आपला माणूस चार हजारांनी मागे असतो, आणि तरी जुना कार्यकर्ता तंबाखू मळत शांत बसलेला असतो. "अजून आपली गावं यायचीत." कुठल्या गावांची यंत्रं कितव्या फेरीला टेबलावर येणार हे त्याला पाठ असतं. अमेरिकेची रात्र म्हणजे हीच फेऱ्यांची मोजणी, फक्त गावांऐवजी राज्यं, आणि फेऱ्यांचा क्रम लावून देणारं घड्याळ.

पहिल्या फेरीत येतात इंडियाना आणि केंटकी. दोन्ही राज्यांच्या पूर्व भागात ईस्टर्न सहालाच मतदान संपतं, आणि दोन्ही सध्या पक्की रिपब्लिकन. म्हणून फळा आधी लाल होतो. सातला जॉर्जिया, व्हर्जिनिया. साडेसातला ओहायो, नॉर्थ कॅरोलायना. आठला पेनसिल्व्हेनियासह मोठा लोंढा. नऊला न्यूयॉर्क, टेक्ससचं पश्चिम टोक, विस्कॉन्सिन, ॲरिझोना. कॅलिफोर्निया, ओरेगॉन, वॉशिंग्टन अकराला. कॅलिफोर्नियाचा मोठा निळा गठ्ठा इतका उशिरा पडतो की रात्रभर डेमोक्रॅट मागून येताहेत असं वाटत राहतं. प्रत्यक्षात कुणी मागून येत नसतं. मतं कधीच पडलेली असतात, आपण फक्त ती एका ठरावीक क्रमाने वाचत असतो. २००८ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरची केंद्रं बंद झाली त्याच क्षणी, अकराच्या ठोक्याला, वाहिन्यांनी ओबामांना अध्यक्ष केलं. निकाल त्याआधीच स्पष्ट दिसत होता. सगळे घड्याळाकडे बघत थांबले होते.

पण एक गोष्ट गेल्या काही वर्षांत बदलली. मतदान कधी संपतं यापेक्षा मोजायला कधी परवानगी आहे, हे महत्त्वाचं झालं. फ्लोरिडा २००० च्या फजितीनंतर शहाणा झाला. टपालाने आलेली मतं तिथे आधीच तपासून ठेवतात, आणि मतदान संपल्यावर अर्ध्या तासात आगाऊ मतदानाचे आकडे बाहेर. उलट पेनसिल्व्हेनियात टपाली मतांची पाकिटं निवडणुकीच्या दिवशी सकाळी सातच्या आत उघडायलाच मनाई आहे. २०२० मध्ये महामारीमुळे टपाली मतांचा डोंगर झाला आणि त्यात डेमोक्रॅट जास्त. केंद्रावरची मतं आधी मोजली गेली, ट्रम्प तिथे सहा लाखांहून जास्त मतांनी पुढे दिसले, आणि शेवटी बायडन सुमारे ८० हजारांनी जिंकले. ज्यांना फेऱ्यांचं गणित माहीत नव्हतं त्यांना ती चोरी वाटली, आणि ज्यांना माहीत होतं त्यातल्या काहींनी मुद्दाम तसं भासवलं. ॲरिझोनात तर केंद्रं बंद झाल्यावर तासभर आकडे दाबून ठेवायचा कायदाच आहे. नेव्हाडा राज्यभरातल्या रांगेतला शेवटचा माणूस मत देईपर्यंत एकही आकडा सोडत नाही.

१९८० मधला तो रांगेतून परत जाणारा कॅलिफोर्नियाचा मतदार आता फारसा उरलेलाच नाही. माझी मावसबहीण सॅन होजेला असते. तिला विचारलं, तर म्हणाली, "अरे, मी दोन आठवड्यांपूर्वीच पाकीट पेटीत टाकून आले." कॅलिफोर्नियात आता मतपत्रिका सगळ्यांना घरी येते. ओरेगॉनमध्ये तर गेली कित्येक वर्षं मतदान टपालानेच होतं. तिथे आठला 'मतदान संपतं' म्हणजे पाकीट टाकायची मुदत संपते.

भारतातून बघणाऱ्यांसाठी या घड्याळाची एक वेगळीच गंमत आहे. २०१६ ला ८ नोव्हेंबरच्या रात्री आठला नोटाबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी सव्वानऊला शेअर बाजार उघडला तेव्हा तिकडे रात्रीचे पावणेअकरा, आणि ट्रम्प पुढे सरकत होते. कॅलिफोर्नियात मतदान चालूच. सेन्सेक्स सुरुवातीलाच सोळाशेहून जास्त अंशांनी कोसळला, आणि दिवस संपताना बरंचसं भरून काढून साडेतीनशेच्या आतबाहेर घसरणीवर थांबला. त्यात किती नोटाबंदीचं आणि किती फ्लोरिडाचं, हे कुणी वेगळं काढावं?

पुढची अध्यक्षीय निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ ची. तोवर तिकडे हिवाळी घड्याळ लागलेलं असेल, म्हणजे त्यांच्या ईस्टर्न वेळेत साडेदहा तास मिळवायचे. पहिली केंद्रं बंद होतील बुधवारी पहाटे साडेचारला, अगदी शेवटचं अलास्काच्या ॲल्युशियन बेटांवरचं ॲडॅक सकाळी साडेअकराला. साडेचारचा गजर मात्र लावू नका. तेव्हा दिसतात ते इंडियानाच्या दोन-चार काउंट्यांचे (तिकडच्या जिल्ह्यांचे) आकडे आणि बारा माणसं त्यावर तासभर बोलताना. मी साडेसहाला उठतो, चहा ठेवतो, आणि जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायनाचे आकडे निम्मे येईपर्यंत टीव्हीचा आवाज बंद ठेवतो.