जेनेरिकचा एरर खालून वाचायला घ्या

प्रश्न : नमस्कार सर, मी नाशिकला सातपूरमध्ये एका छोट्या कंपनीत आहे, पिंपळगावच्या व्यापाऱ्यांसाठी जावामध्ये स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवतोय. माल नावाचा क्लास आहे, द्राक्ष आणि कांदा हे त्याचे सबक्लास. एक मेथड लिस्ट घेते आणि तिच्यात द्राक्षाची एक नोंद टाकते. पॅरामीटर लिस्ट ऑफ माल ठेवला तर लिस्ट ऑफ द्राक्ष पाठवता येईना, मग कुणीतरी सांगितलं म्हणून '? एक्स्टेंड्स माल' केलं, तर आता ॲडच्या ओळीवर 'नो सुटेबल मेथड फाउंड' आणि खाली 'कॅप#1' येतंय. हा कॅप मी कुठे लिहिलेलाच नाही! सरळ कास्ट करून टाकू का, म्हणजे लिस्टचा टाइप मी म्हणतो तोच आहे असं कंपायलरला मानायला लावू का?

उत्तर : कास्ट अजिबात करू नका, आधी तो मेसेज शेवटच्या ओळीपासून वाचा. वर कलेक्शनचं ॲड बसत नाही, लिस्टचं ॲड बसत नाही असं तेच तेच दोनदा येतं, कामाची गोष्ट खाली 'व्हेअर'पासून सुरू होते. तिथे लिहिलेलं असतं की कॅप#1 हा नवा टाइप व्हेरिएबल आहे आणि तो तुमच्या वाइल्डकार्डमधून, म्हणजे त्या '?' मधून, आलाय. म्हणजे तुमच्या प्रश्नचिन्हाला कंपायलरने तात्पुरतं नाव दिलंय: मालाचाच कुठलातरी प्रकार, पण नेमका कुठला ते माहीत नाही.

तुम्ही मनात द्राक्षाची लिस्ट धरून मेथड लिहिलीत, पण सिग्नेचर (मेथड काय घेते ते सांगणारी ओळ) अशी आहे की उद्या दुसरा कुणी तिला कांद्याची लिस्टही पाठवेल, आणि कांद्याच्या लिस्टमध्ये द्राक्ष कसं घालू देणार? ॲरेमध्ये जावा हे चालवून घेतं, कंपाइल होतं आणि प्रोग्राम चालताना ॲरेस्टोअर एक्सेप्शन येतं, कारण आपल्यात काय ठेवायचंय हे ॲरेला तेव्हाही माहीत असतं. लिस्टला ते कळत नाही. 2004 मध्ये जावा 5 सोबत जेनेरिक्स, म्हणजे 'लिस्ट ऑफ द्राक्ष'सारखे टाइप, आले तेव्हा जुना कोड चालत राहावा म्हणून इरेजरचा, म्हणजे कंपाइल झाल्यावर 'ऑफ द्राक्ष' हा भाग पुसून टाकण्याचा, मार्ग घेतला, त्यामुळे चालत्या प्रोग्राममध्ये ही लिस्ट द्राक्षाची की कांद्याची हे उरतच नाही आणि अडवायचं ते कंपाइल होतानाच अडवावं लागतं. तुम्ही कास्ट केलंत तर फक्त एक वॉर्निंग येईल, द्राक्ष गुपचूप कांद्यांत जाऊन बसेल आणि क्लासकास्ट एक्सेप्शन येईल ते भलत्याच फाइलमध्ये, ऐन सीझनमध्ये, व्यापारी फोनवर थांबलेला असताना.

तुमच्या मेथडला हवंय '? सुपर द्राक्ष'. मग द्राक्षाची लिस्ट चालते, मालाचीही चालते, कांद्याची अडते. लिस्टमधून फक्त काढायचं असेल तर एक्स्टेंड्स, फक्त टाकायचं असेल तर सुपर, आणि दोन्ही करायचं असेल तर वाइल्डकार्ड सोडून साधा टी, म्हणजे नाव दिलेला टाइप, घ्या. जावाच्या स्वतःच्या कलेक्शन्स डॉट कॉपीची सिग्नेचर एकदा उघडून बघाच, जिथे टाकायचं तिथे सुपर आणि जिथून घ्यायचं तिथे एक्स्टेंड्स, दोन्ही शेजारी शेजारी आहेत.

स्ट्रीमच्या (एकामागोमाग मेथड जोडत नेलेल्या) लांब ओळीत 'इनकम्पॅटिबल बाउंड्स' आलं तर मात्र नुसतं वाचून भागत नाही. ओळ तोडा, मधल्या प्रत्येक टप्प्याला व्हेरिएबल द्या आणि टाइप पूर्ण लिहा, व्हार (टाइप कंपायलरवर सोडणारा शब्द) नको. तुम्ही समजता तो टाइप आणि कंपायलरने काढलेला टाइप जिथे वेगळा होतो, एरर बरोबर त्या ओळीवर सरकतो. मला यापेक्षा भरवशाचा उपाय माहीत नाही.

प्रश्न : सर, मी पंचवटीत राहतो, इंजिनिअरिंगला आहे. सी प्लस प्लसमध्ये लिस्टवर सॉर्ट चालवला तर स्क्रीनभर एरर येतात, सगळे लायब्ररीच्या फाइलींतले. माझी चूक शोधू कुठे?

उत्तर : जीसीसी कंपायलर असेल तर 'रिक्वायर्ड फ्रॉम हिअर' शोध, ती ओळ तुझ्या फाइलची असते. मग पहिला एरर बघ, बहुतेक 'नो मॅच फॉर ऑपरेटर मायनस' असेल. सॉर्टला दोन इटरेटरची (यादीतली जागा दाखवणाऱ्या खुणांची) वजाबाकी करून अंतर काढायचं असतं आणि लिस्टचा इटरेटर एकेक पाऊलच सरकतो, वजाबाकी त्याला येत नाही. लिस्टचं स्वतःचं सॉर्ट आहे ते वापर. कंपायलर सी प्लस प्लस 20 चालवत असेल तर रेंजेसमधला सॉर्ट लावून तोच एरर पुन्हा काढून बघ, रँडम ॲक्सेस (थेट कुठेही उडी मारणारा) इटरेटर हवा होता असं तो कॉन्सेप्टचं, म्हणजे टाइपवरच्या अटीचं, नाव घेऊनच सांगतो.