पहिली दुनळी बंदूक निवडताना

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर तितर दिसत असले, तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे. म्हणून तुमची बंदूक हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवरील नेमबाजीसाठीच आहे, असे धरून लिहितो. परवान्याचा अर्ज सोलापूर शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा.

एकच घ्यायची तर १२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप), एकावर एक नळ्या असलेली घ्या. ती अंगाला बसणे सर्वांत महत्त्वाचे. दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करून, डोळे मिटून दस्ता खांद्याला लावावा, गाल टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. नळीच्या टोकावरचा, नेम धरण्यासाठीचा मणी डोळ्यासमोर सरळ रेषेत आला नाही, तर नक्षीकाम कितीही देखणे असो (नवख्यांना तेच आधी भुरळ घालते), ती बंदूक परत ठेवावी.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका दोन:
- हलकी बंदूक घेणे. तिचा धक्का खांद्याला अधिक जाणवतो.
- फुल चोकने, म्हणजे तोंडाशी खूप आवळलेल्या नळीने, सुरुवात करणे; छऱ्यांचा फैलाव अरुंद होऊन जवळची तबकडीही सुटते.