हात विसरत नाहीत, अंदाज विसरतो

नाशिक, श्रावण

प्रिय पोरी,

गाडीचे पेढे पोचले. सोबतचा प्रश्नही पोचला: गाडी स्वतःच ब्रेक मारते, लेनमध्ये राहते, तर काका, तुम्ही शिकवलेलं मी विसरेन का?

क्लच-गिअर विसरणार नाहीस, ते सायकलीसारखं असतं. जातो तो अंदाज, आणि गेलेला कळतही नाही. माझंच बघ. इतकी वर्षं पोरांना रिव्हर्स शिकवला. मग मागचा कॅमेरा असलेली गाडी आली आणि तीन वर्षं मी मान वळवली नाही. एकदा भाच्याची जुनी गाडी पंचवटीत मागे घेत होतो, नजर सवयीने पडद्याच्या जागी गेली, तिथे रेडिओ. तेवढ्यात शेजाऱ्यांचं तुळशीवृंदावन आडवं. वहिनी अजून बोलत नाहीत.

एक मात्र आधीच सांगतो, आपोआप लागणारा इमर्जन्सी ब्रेक कधी बंद करू नकोस. तो शंभरदा गप्प बसेल आणि एकदा जीव वाचवेल. इंडिकेटर न देता लेन सोडली की स्टिअरिंग थरथरतं, तेही मला आवडलं. आपल्या नाशकातल्या द्वारका चौकातल्या निम्म्या लोकांना ते बसवायला हवं.

भीती वेगळीच आहे. रस्ता सोपा असतो तोवर यंत्र चालवतं आणि अवघड झाला की गाडी तुझ्या हातात देतं. २००९ मध्ये एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला निघालेलं विमान अटलांटिकवर असताना वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला आणि ऑटोपायलट सुटला. विमान धड होतं. पण अचानक हाती आलेलं ते वैमानिकांना सावरता आलं नाही, नाक वर ओढत राहिले. २२८ माणसं गेली. पुढे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने २०१३ मध्ये कंपन्यांना सांगितलं, वैमानिकांना अधूनमधून हाताने उडवू द्या.

तुझ्या गाडीचा कॅमेरा आरशामागे काचेला चिकटलेला असतो. इगतपुरीच्या धुक्यात, मुसळधार पावसात त्यालाही तुझ्याइतकंच कमी दिसतं. पट्टे पुसलेले असले की लेनचा मदतनीस गुपचूप रजेवर जातो. लासलगाव-पिंपळगावकडे रात्री कांद्याची ट्रॉली दिवा न लावता रस्त्यात उभी असते. थांबलेलं वाहन ओळखण्यात चूक होऊ शकते, हे गाडीच्या पुस्तिकेतच छापलेलं असतं. ती पानं वाच, गाणी लावायची पानं नंतर.

आणि कसारा घाट. मुंबईकडे उतरताना क्रूझ, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणारं यंत्र, बंद. ते वेग आवरायला ब्रेक लावत राहतं, ब्रेक तापतात आणि पायाखाली पेडल मऊ पडतं. ऑटोमॅटिकलाही मॅन्युअल किंवा 'एल' असतं, घाट लागायच्या आधीच खालच्या गिअरला ये आणि इंजिनाला गाडी धरू दे. चढताना ज्या गिअरने चढशील त्याच गिअरने उतर, हे तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तेव्हा तू मोबाइल बघत होतीस.

समृद्धीवर क्रूझ लाव, माझी ना नाही. फक्त तेव्हा पुढच्या गाडीचा मागचा दिवा बघू नकोस, तिच्याही पुढची गाडी बघ. काय होणार आहे ते मनात आधी म्हण, मग यंत्र काय करतं ते पाहा. कुणाचं आधी लक्षात आलं याचा हिशोब ठेव. मी बसमध्ये प्रवासी म्हणून बसलो तरी हेच करतो. शेजारच्याला वाटतं, म्हातारा पुटपुटतोय.

रविवारी सहाला ये, नांदुरीचा घाट चढून वणीच्या देवीच्या गडावर जाऊ. लेनची मदत बंद करायचं बटण कुठे आहे ते आधीच शोधून ठेव, मला चष्म्याशिवाय ती चित्रं दिसत नाहीत. येताना बाबांची जुनी गाडी मिळाली तर तीच आण.

तुझा काका