वाचकांचे प्रश्न : इलिनॉयमधल्या पोलिसाचे पेन्शन ठरवते कोण?

प्रश्न : आमचा मुलगा शिकागोजवळच्या एका उपनगरात पोलिस खात्यात नुकताच रुजू झाला. पेन्शनचा पैसा आता राज्याच्या फंडाकडे गेला, असे त्याला सांगतात. मग गावच्या पेन्शन बोर्डाला काही अधिकार उरलेत का? त्याने आत्ता काय करावे?

उत्तर : राज्याकडे गेली ती फक्त गुंतवणूक. 18 डिसेंबर 2019 रोजी गव्हर्नर प्रिट्झकर यांनी सही केलेल्या कायद्यानुसार उपनगरांतल्या नि लहान शहरांतल्या पोलिस फंडांचा पैसा नऊ विश्वस्तांच्या एका मंडळाकडे सोपवला गेला. काही फंड कोर्टात गेले, पण जानेवारी 2024 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. पेन्शन मंजूर करणे, अपंगत्वाचा अर्ज ऐकणे ही कामे आजही गावच्या बोर्डाचीच आहेत. या बोर्डावर पाच जण असतात : दोघे महापौरांनी नेमलेले, दोघे सेवेतल्या पोलिसांनी निवडलेले, एक निवृत्तांचा. (शिकागो शहराची व्यवस्था वेगळी आहे.)

मुलाने पहिले काम करावे ते सदस्यत्वाचे. नेमणुकीपासून तीन महिन्यांच्या आत बोर्डाकडे लेखी अर्ज द्यावा लागतो. पगारातून 9.91 टक्के कपात सुरू झाली, म्हणजे अर्जही झालाच असेल, असे धरून चालू नये. बैठकीत सदस्यत्व मान्य झाल्याची इतिवृत्तातली नोंद मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.

1 जानेवारी 2011 रोजी किंवा त्यानंतर पहिल्यांदा रुजू झालेले सगळे ‘टियर 2’मध्ये, म्हणजे नव्यांसाठीच्या वेगळ्या पेन्शन-नियमांच्या गटात येतात. किमान 10 वर्षे सेवा झालेल्याला वयाच्या 55व्या वर्षी दर वर्षाच्या सेवेमागे सरासरी पगाराच्या अडीच टक्के पेन्शन मिळते. कमाल 75 टक्के. पन्नाशीतही निघता येते, पण 55 ला जितके महिने कमी, तितके अर्धा-अर्धा टक्का कापले जातात. म्हणजे 50व्या वर्षी तब्बल 30 टक्के घट. कर्ज, घर यांची गणिते मांडताना हा आकडा समोर हवा.

सर्वाधिक वाद होतात ते अपंगत्वाच्या पेन्शनवरून. कर्तव्यावरच्या दुखापतीला पगाराच्या किमान 65 टक्के, इतर कारणाला 50 टक्के. बोर्डाने नेमलेले तीन डॉक्टर तपासतात. ‘कर्तव्यावर’ म्हणजे नुसते ड्युटीच्या वेळेत नव्हे. सामान्य नागरिकाला सहसा पत्करावी न लागणारी जोखीम त्या कृतीत असावी लागते. म्हणून दुखापतीचा अहवाल लगेच लिहावा, आणि त्यात आपण नेमके काय करत होतो ते स्पष्ट मांडावे. निर्णय विरोधात गेला तर तो हाती आल्यापासून 35 दिवसांत कोर्टात जावे लागते. तिथे नवा पुरावा चालत नाही, बोर्डापुढे जे नोंदले गेले तेवढेच पाहतात. त्यामुळे वकील सुनावणीआधीच गाठावा. अपिलाच्या वेळी उशीर झालेला असतो.

प्रश्न : गावाने फंडात आपला वाटा भरलाच नाही तर?

उत्तर : 2040 पर्यंत फंड 90 टक्के भरलेला (म्हणजे देणे असलेल्या पेन्शनच्या 90 टक्के पैसा हाती) असावा, या हिशेबाने गावाने दरवर्षी रक्कम भरायची असते. मुदत उलटून 90 दिवस गेले की फंड गावाला नोटीस देऊन राज्याच्या काँप्ट्रोलरकडे (राज्याच्या पैशांचे वाटप करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाऊ शकतो, आणि काँप्ट्रोलर गावाला मिळणाऱ्या राज्याच्या पैशातून ती रक्कम वळवतो. 2018 मध्ये हार्वे शहराचा पैसा असा अडवला गेला, तेव्हा शहराने पोलिस आणि अग्निशामक दलातली माणसे कमी केली. उपाय जालीम आहे, म्हणून थकबाकी साठण्याआधीच बोर्डाच्या तिमाही बैठकीला जाऊन ताळेबंद मागणे बरे. बैठका खुल्या असतात.

प्रश्न : टियर 2 सुधारणारे विधेयक आले, तर आमच्यासारख्यांना काही बोलता येते का?

उत्तर : येते, आणि बोलावेच. विधेयक समितीपुढे येण्याआधी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर ‘विटनेस स्लिप’ भरून बाजूने की विरोधात ते नोंदवता येते. प्रत्यक्ष हजर राहावे लागत नाही. पण सुनावणीची तारीख पाहत राहा, आणि दुरुस्ती आली की तिच्यासाठी स्लिप पुन्हा भरा. दोन्ही सभागृहांत तीन-तीन वाचने होतात. सिनेटमध्ये 59 पैकी 30, प्रतिनिधीगृहात 118 पैकी 60 मते लागतात. बहुतेक विधेयके मतदानापर्यंत पोचतच नाहीत, मुदत संपताच नियम समितीत परत जाऊन पडतात. म्हणून आमदाराला फोन करायचा तो समितीच्या मुदतीआधी. मंजूर विधेयक 30 दिवसांत गव्हर्नरकडे जाते, आणि त्यांच्या हाती 60 दिवस असतात.