आधी तळटिपा तपासू द्या, लेख नंतर

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलगी जळगावला पाच वर्षांच्या लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजात विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या जर्नलच्या संपादक मंडळात तिला जायचंय. मार्क कमी होतील का आणि कोर्टात याचा उपयोग काय, असं तुम्ही यावलहून विचारलंय.

जाऊ द्या तिला. फक्त पहिल्या वर्षी स्वतःचा लेख छापून आणायची घाई नको. तळटिपा तपासायचं काम तिनं मागून घ्यावं.

समजा, लेखात केशवानंद भारती खटल्यातलं एक वाक्य आहे आणि खाली '(१९७३) ४ एससीसी २२५', म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस' या निकालसंग्रहाचा १९७३ चा चौथा खंड, पान २२५. तिनं मूळ निकाल उघडायचा, परिच्छेद शोधायचा, शब्द न् शब्द ताडायचा. मग बघायचं, हे वाक्य कोणत्या न्यायमूर्तींचं? निकाल ७ विरुद्ध ६ असा लागला, निकालपत्रं ११. अल्पमतातलं वाक्य 'सुप्रीम कोर्ट म्हणतं' म्हणून सहज खपतं. हेडनोटमधलं, म्हणजे निकालाच्या वर छापलेल्या सारांशातलं वाक्यही असंच घुसतं. ती निकालसंग्रहाचे संपादक लिहितात, निकालाचा भाग नसते. सगळ्यात फसवी चूक म्हणजे वकिलाचा युक्तिवाद कोर्टाचं मत म्हणून उचलणं. निकालात कोर्ट आधी दोन्ही बाजूंचं म्हणणं नोंदवतं, घाईनं वाचणारा तिथंच अडकतो. सीनियरच्या हाताखाली ज्युनिअरला रोज हेच करावं लागतं, आणि तिथं चूक झाली तर नुकसान पक्षकाराचं होतं.

एआयनं दिलेलं सायटेशन, म्हणजे निकालाचा संदर्भ, तर निकाल डोळ्यांनी बघितल्याशिवाय पास करूच नये. सुप्रीम कोर्टाच्याच ई-एससीआर पोर्टलवर त्याचे निकाल फुकट मिळतात.

आठवड्याला पाच-सहा तास पुरेत. परीक्षेआधी महिनाभर काम बंद, हे संपादकांना आधीच सांगावं.

पुढच्या वर्षी एकाच निकालावर दीड-दोन हजार शब्दांचं टिपण लिहावं. विषय आपल्या सातपुड्यातच आहे: वनहक्क कायदा, २००६. वनहक्काच्या दाव्यावर ग्रामसभेनं केलेल्या ठरावाविरुद्ध ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते. त्या मुदतीवर, पुराव्यांवर एखाद्या निकालात कोर्टानं काय म्हटलंय, हे नीट मांडणारं टिपण नंदुरबारकडच्या अक्राणी-अक्कलकुव्यातल्या दावेदाराच्याही कामी येईल.

पैसे घेऊन चार दिवसांत लेख छापणाऱ्या जर्नलांपासून मात्र लांब राहा.

नाव देण्याआधी कॉलेजच्या जर्नलचे मागचे दोन अंक घ्या. कुठल्याही पाच तळटिपा तिला मूळ निकालाशी ताडायला लावा. तीन चुकीच्या निघाल्या, तर तिथं तपासायला शिकवणारं कुणी नाही असं समजा.